गाठ विरघळवणारी बाई

डॉ. सत्यवती भोयर चिडली की तिची पुस्तकी मराठी गळून पडायची आणि माहेरची, काटोलकडची बोली बाहेर यायची. वॉर्डातल्या नर्सा यावरूनच वारा ओळखायच्या. बाई ‘का’ म्हणाल्या तर उत्तर द्यायचं, ‘काहून’ म्हणाल्या की मुकाट्यानं बाजूला व्हायचं. आणि ‘काहून’ तर रोजचंच होतं.

चिडायला कारणही तसंच होतं. शहात्तर सालची गोष्ट. कवटीच्या आत काय चाललंय ते दाखवणारं यंत्र तेव्हा नागपुरात आलेलं नव्हतं. मानेतल्या रक्तवाहिनीत औषध सोडायचं, पटापट एक्स-रे काढायचे, आणि डोक्यातल्या वाहिन्या कुठे ढकलल्या गेल्यात त्यावरून गाठ कुठे बसलीय ते ताडायचं. गाठ आहे एवढं कळायचं. ती कसली आहे हे पुष्कळदा कवटी उघडल्यावरच कळायचं, आणि सत्यवतीचं डोकं फिरायचं ते इथे. कारण आपल्याकडे डोक्यातल्या कितीतरी गाठी ट्युमरच्या नसतातच, क्षयाच्या असतात. क्षय नुसता छातीत बसत नाही, मेंदूतही ठाण मांडतो. ट्युमर कापावा लागतो; क्षयाची गाठ सुया-गोळ्यांनी विरघळते. मग जी विरघळेल तिच्यासाठी आरी कशाला चालवायची? कापायची कोणती आणि विरघळवायची कोणती, ही पारख पक्की करणं हेच सत्यवतीचं संशोधन होतं. त्यापायी तिनं लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल विचारणाऱ्या नातेवाइकांशी तिनं भांडणंही करून घेतली होती.

ही सगळी पारख एका प्रश्नावर अडायची. घरात कोणाला क्षय झालाय का? कोणी खोकतं का? छातीचा फोटो पुष्कळदा स्वच्छ निघायचा, इतर तपासण्यांतून धड काही कळायचं नाही, म्हणून हा प्रश्न. आणि या प्रश्नाला माणसं देवाची शपथ घेऊन खोटं बोलायची. शेतकरी बोलायचा, मास्तर बोलायचा, वकील तर बोलणारच. ट्युमर सिनेमातल्या नायकाला व्हायचा. टीबी ज्याच्या घरात निघाला त्याच्याकडे लोक पाणी प्यायचे नाहीत आणि त्याच्या पोरींना मागणी घालायचे नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, मग त्या मुठीत पोटच्या पोराचं डोकं का असेना.

त्या श्रावणात इतवारीतले सुताचे व्यापारी गणपतराव निनावे मुलीला घेऊन आले. मुलीचं नाव प्रेमिला, कॉलेजात शिकत होती. सावनेरच्या नत्थूजींच्या मुलाशी तिची सोयरीक ठरलेली होती. सकाळी उठली की डोकं फुटायला यायचं, ओकारी व्हायची, आणि आता एकाचे दोन दिसायला लागले होते. सत्यवतीनं डोळ्यात उजेड टाकून पाहिलं तर मागची नस सुजून वर आलेली. एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला गाठ. प्रेमिला आत पलंगावर पडलेली असताना सत्यवतीनं बाहेर नेहमीचा प्रश्न विचारला. गणपतरावांनी छातीवर हात ठेवला आणि आमच्या सात पिढ्यांत तसलं काही नाही जी, म्हणाले. त्यांची बायको कौशल्या शेजारीच बसली होती. ती फरशीकडे पाहत राहिली.

थांबायला वेळ नव्हता, नजर जायला लागली होती. सर्जन मधुकररावांनी ऑपरेशनचा दिवस ठरवला. आदल्या दिवशी प्रेमिलाचे केस काढायला न्हावी आला, त्यानं वस्तरा परजला, आणि कौशल्याबाईंचा धीर सुटला. तिनं सत्यवतीला हाताला धरून व्हरांड्यात नेलं. धाकट्या दिराला, नानाजीला, क्षय आहे, असं तिनं रडत रडत सांगितलं. त्याला उमरेडच्या घरात मागच्या खोलीत ठेवलंय. थुंकीतून रक्त पडतं. आणि सुट्टीत गेली की त्याचं खाणंपिणं, अंथरूण-पांघरूण ही प्रेमिलाच करत होती. त्याला दमा आहे, असंच तिला सांगितलेलं होतं.

सत्यवतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं न्हाव्याला हाकललं आणि गणपतरावांना भर व्हरांड्यात गाठलं.

“पोरीची कवटी फोडाले तयार झाले तुमी, पन भावाचा खोकला सांगता नाही आला?”

गणपतराव घाबरले नाहीत. व्यापारी माणूस, पडता भाव असला तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांनी सत्यवतीला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात बोलले.

“ट्युमर होते त्यात कोनाचा दोष नसते, डॉक्टरीण बाई. टीबी म्हटलं का आख्खं घर बाटते. हिच्यामांगं अजून एक पोरगी आहे माही. तुमी औषध द्या, लागन तेवढे दिवस द्या, पन म्हना ट्युमर. नाही तं मी हिले आताच घरी घेऊन जातो.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. घरी नेली असती तर पोरगी महिन्याभरात आंधळी झाली असती. सत्यवती हो म्हणाली. तिनंही एक अट घातली, की नानाजीवर उपचार झाले पाहिजेत. गणपतरावांनी ती पाळली. भावाला दूरच्या दवाखान्यात ठेवलं आणि गावात सांगितलं काशीला गेला. त्यांनी आणखी एक मागितलं. प्रेमिलालाही काही सांगायचं नाही, कारण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. सत्यवती त्यालाही हो म्हणाली. एवढं मोठं गिळल्यावर हे लहान होतं, असं तिला त्या वेळी वाटलं.

सुया सुरू झाल्या, गोळ्या सुरू झाल्या, कडू भुकटीच्या पुड्या सुरू झाल्या. सत्यवती रोज स्वतः डोळे तपासायची. पहिले काही आठवडे जीव टांगणीला होता. मग नसेची सूज उतरायला लागली, डोकेदुखी गेली, आणि दसऱ्याला प्रेमिला खिडकीत बसून वर्तमानपत्र वाचत होती. पुन्हा एक्स-रे काढले. ढकललेल्या वाहिन्या जागेवर आल्या होत्या. सत्यवतीनं तो एक्स-रे मधुकररावांच्या टेबलावर आपटला. ते म्हणाले, गाठ गेली हे उत्तम, पण जे खोटं बोललीस ते कुठे जाणार आहे? सत्यवती त्यांच्यावरही चिडली.

दिवाळीनंतर नत्थूजी आले. सून म्हणून घरात आणायची पोरगी, चौकशी करणं भागच होतं. त्यांनी हात जोडून विचारलं, नेमकं काय झालं होतं? सत्यवतीला या माणसाचाही राग आला. हा खरं ऐकता तर त्याच पावली सोयरीक मोडून निघून जाता. त्या रागातच ती ठासून म्हणाली, ट्युमर होता, औषधानं विरघळला, पोरगी ठणठणीत आहे. नत्थूजी खूश झाले. त्यांनी ही गोष्ट सावनेरात सांगितली, रामटेकला सांगितली, एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितली असेल. नागपुरात एक बाई आहे, कवटी न फोडता ट्युमर विरघळवते.

माणसं यायला लागली. ज्यांची गाठ क्षयाची निघाली त्यांना औषध मिळालं, आणि त्या बाईची कीर्ती आणखी पसरली. ज्यांची नव्हती त्यांना समजावताना तिचा घसा बसायचा. तरी कसंबसं निभत होतं. मग होळीनंतर रुपराव आला.

रुपराव खापरखेड्याच्या वीजकेंद्रात फिटर होता. दांडगा, चाळिशीचा माणूस. डाव्या पायाला झटके येत होते आणि नजरेवर धुकं चढत होतं. त्याच्या एक्स-रेत संशयाला जागाच नव्हती. गाठीच्या वर कवटीचं हाड जाड झालेलं होतं आणि गाठीला स्वतःच्या रक्तवाहिन्या फुटलेल्या दिसत होत्या. क्षयाची गाठ अशी दिसत नाही. हा मेंदूच्या वरच्या आवरणातून वाढलेला ट्युमर होता, आणि ट्युमरांमधला हा सज्जन ट्युमर. सावकाश वाढणारा, अख्खा निघून येणारा. मधुकररावांनी काढला तर रुपराव नातवंडं खेळवणार होता. नाही काढला तर आधी डोळे, मग पाय, मग सगळंच.

रुपरावनं ऑपरेशनला साफ नकार दिला. त्याला विरघळवायचं औषध हवं होतं.

सत्यवतीनं समजावलं. एक्स-रे उजेडापुढे धरून दाखवला. तुमची गाठ वेगळी आहे, त्या औषधानं तिच्यावर ढिम्म काही होणार नाही, असं निरनिराळ्या प्रकारे सांगितलं. मग ओरडली. तेव्हा रुपराव पलंगावर उठून बसला. त्याला समोरचं माणूस धड दिसत नव्हतं, तरी त्यानं बरोबर तिच्या आवाजाकडे तोंड केलं.

“नत्थूजी माहा मावसभाऊ आहे. तुमी त्याले सोताच्या तोंडानं सांगितलं, ट्युमर होता अन् विरघळला. आता मले म्हनता विरघळत नाही. पैशेवाल्याच्या पोरीले गोळी, अन् आमच्यासारख्यायले आरी. असंच ना?”

आजूबाजूच्या पलंगांवरची माणसं ऐकत होती. सत्यवतीच्या तोंडाशी उत्तर आलं होतं, पण ते तिचं नव्हतं, प्रेमिलाचं होतं, आणि ती ते देऊ शकत नव्हती. रुपरावची बायको पंचफुला पायथ्याशी बसून होती. तिनं फक्त नवऱ्याच्या पायावरची चादर सारखी केली. रुपराव म्हणाला, दोन दिवसांत औषध मिळालं नाही तर मी गावी जातो.

सत्यवती तडक इतवारीत गेली. रिक्षात बसल्या बसल्या ती मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या देत होती. रुपरावला, नत्थूजीला, गणपतरावांना, क्षयाला आणि क्षयाहून वाईट अशा त्या लाजेला. स्वतःचं नाव तिनं त्या यादीत घातलं नव्हतं.

निनाव्यांच्या घरात लग्नाची गडबड होती. वैशाखातला मुहूर्त धरलेला, ओसरीवर पापड वाळत घातलेले. गणपतरावांनी तिला बैठकीत बसवलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एका माणसाचे डोळे जाताहेत, तुम्ही फक्त त्याला एकट्याला खरं सांगा, असं ती विनवत होती. होय, विनवत होती. तिला सवय नव्हती, पण करत होती. गणपतरावांनी नकाराची मान हलवली. तो नत्थूजीचा मावसभाऊ आहे, त्याला सांगणं म्हणजे व्याह्याला सांगणं, असं ते म्हणाले. लग्न होऊ द्या, मग पाहू. लग्नापर्यंत त्याचे डोळे राहणार नाहीत, असं सत्यवती म्हणाली, तेव्हा ते म्हणाले की डोळे देणारा-घेणारा वर बसलाय.

“वर कोनी नाही बसला,” सत्यवतीचा आवाज चढला. “इथं तुमी बसले आहात. तुमच्या पोरीच्या डोक्यात टीबी होता हे चार शब्द तुमच्या तोंडातून निघत नाहीत, म्हनून एक मानूस आंधळा होऊन राहिला.”

माजघराच्या दारात भांडं ठेवल्याचा आवाज झाला. प्रेमिला चहा घेऊन आली होती. वस्तऱ्यातून वाचलेली वेणी पाठीवर होती, अंगानं भरली होती.

“माह्या डोक्यात टीबी होता?”

गणपतरावांनी तिला आत जायला खुणावलं. ती गेली नाही. तिनं सत्यवतीकडे पाहून तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि सत्यवतीनं हो म्हटलं.

“पयल्या दिवसापासून माहीत होतं तुमाले?”

“हो.”

प्रेमिलानं ट्रे खाली ठेवला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर सत्यवतीला बरं वाटलं असतं, तिला ओरडणाऱ्यांची सवय होती.

“गोळ्या अजून चालू आहेत माह्या. बाबा म्हनाले, सासरी नेऊ नको, लोक इचारतीन, बरी झाली आता तू. लग्नापासून बंदच करनार होती मी. टीबीच्या आहेत हे माहीत असतं तं बंद केल्या असत्या का?”

गोळ्या अजून वर्षभर घ्यायच्या होत्या. मध्येच सोडल्या तर गाठ पुन्हा वाढते, आणि दुसऱ्यांदा ती औषधाला दाद देईलच असं नाही. हे तिनं गणपतरावांना बजावलं होतं. ज्या मुलीच्या डोक्यात गाठ होती तिला बजावलं नव्हतं, कारण तसं ठरलं होतं. ती गणपतरावांवर तुटून पडायला वळली, आणि प्रेमिलानं तिला मध्येच थांबवलं.

“त्यायचं सोडा. ते बाप आहेत, त्यायले भीती आहे. तुमाले कायची भीती होती? माहं डोकं, माही गाठ. साऱ्यायले इचारलं तुमी घरात कोन खोकते म्हनून. मले एकदा तरी इचारलं? मी सांगितलं असतं, नानाजी काका खोकते. मले लपवाचं आहे हेच माहीत नोहतं.”

हे खरं होतं. इतकी वर्षं तो प्रश्न सत्यवतीनं वडिलांना विचारला होता, नवऱ्यांना विचारला होता, सासऱ्यांना विचारला होता. पलंगावर पडलेल्या बाईला तो विचारायचा, हे तिच्यासारख्या बाईच्याही कधी डोक्यात आलं नव्हतं. माणसं खोटं बोलतात म्हणून ती चिडत राहिली, आणि विचारत राहिली त्याच माणसांना.

त्या माणसाला मीच सांगते, असं म्हणून प्रेमिलानं चपला घातल्या. गणपतराव दारात आडवे झाले, कौशल्याबाई आतून धावत आली. प्रेमिला आईला एवढंच म्हणाली, आता मले अडवू नको वं. आई बाजूला झाली, आणि का कोण जाणे, तिनं नवऱ्यालाही हाताला धरून बाजूला केलं.

वॉर्डात संध्याकाळची गर्दी होती. प्रेमिला रुपरावच्या पलंगाशी स्टुलावर बसली. तिनं आपलं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. मग आवाज खाली न करता बोलली. मला ट्युमर नव्हता. मला टीबी होता, डोक्यात. काकाकडून लागला. ते औषध टीबीचं होतं, म्हणून गाठ विरघळली. तुमची टीबीची नाही, ती कापावीच लागेल. शेजारच्या पलंगाजवळ बसलेल्या म्हातारीनं नकळत पदर नाकाला लावला. प्रेमिलानं ते पाहिलं, आणि तरी होतं तेवढं सगळं बोलली.

रुपरावनं शेवटपर्यंत ऐकलं आणि हसला.

“डॉक्टरीण बाईनं धाडलं का तुले? कापाचं आहे म्हनून तुले शिकवून आनलं. ह्या बाई नत्थूजीजवळ एक बोलल्या, माह्याजवळ दुसरं बोलून राहिल्या. आता तिसऱ्याच्या तोंडून तिसरं. तवा खोटं बोलल्या तं आता खरं बोलून राहिल्या, हे मी कशावरून धरू?”

सत्यवतीनं जे काय बोलावं ते तिच्याच तोंडून येणार होतं, आणि त्या तोंडाची किंमत रुपरावनं आत्ताच करून टाकली होती. तिला राग आला होता, आणि हा राग कोणावर काढण्यासारखा नव्हता.

इतका वेळ गप्प बसलेली पंचफुला उठली. ती प्रेमिलाजवळ आली आणि तिचा चेहरा निरखून पाहिला.

“पोरी, नत्थू भाऊजीच्या घरी पडनार होती ना तू?”

“हो.”

“ते रोज संध्याकाळी येतात इथं, यायले पाहाले. हे त्यायच्या कानावर जाईन.”

“जाईन त्यायच्या कानावर. आजच जाईन.”

पंचफुला नवऱ्याकडे वळली. “कापून घ्या,” ती म्हणाली. “लग्न जमवासाठी खोटं बोलनारे लय पाह्यले म्या. सोताचं लग्न मोडासाठी खोटं बोलनारी पोरगी नाही पाह्यली.”

रुपरावनं छताकडे तोंड केलं. छत त्याला किती दिसत होतं देव जाणे. मग त्यानं विचारलं, सही कुठे करायची? पंचफुलेनं सत्यवतीच्या हातातलं पेन घेऊन त्याच्या हातात दिलं, त्याचा हात धरून कागदावर टेकवला, आणि मान वर न करता सत्यवतीला म्हणाली, “तुमच्या शब्दावर नाही देऊन राहिली मी माहा मानूस. हिच्या शब्दावर देऊन राहिली.”

सत्यवती कागद घेऊन वळली तर वॉर्डाच्या दारातून नत्थूजी येत होते. हातात डबा, तोंडावर हसू. होणाऱ्या सुनेला तिथे पाहून ते चकित झाले, मग सत्यवतीकडे पाहून त्यांनी हात जोडले. प्रेमिला उठून उभी राहिली. तिनं हात पदरात गुंडाळून घेतले. सत्यवती सवयीनं पुढे झाली. या माणसाला काय सांगायचं, किती सांगायचं, पोरीचं घर कसं वाचवायचं, याची जुळवाजुळव तिच्या डोक्यात सुरूही झाली होती.

“तुमी थांबा, बाई,” प्रेमिला म्हणाली. “तुमचं बोलून झालं आहे.”

सत्यवती थांबली.